रत्नागिरीतील सिमेंट-सळईचे दुकान: माल ताजा, दरात मात्र वाव नाही

घराच्या वरच्या मजल्यासाठी लागणारे सिमेंट आणि सळई रत्नागिरीतील एका जुन्या दुकानातून घेतली. मालाबद्दल तक्रार नाही. गोणी जमिनीवर न रचता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवलेल्या असतात आणि गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा मालक न विचारता दाखवतात; कोकणच्या दमट हवेत सिमेंटला गुठळ्या धरायला वेळ लागत नाही. हमाली मात्र बिल हातात आल्यावरच कळली, ती आधी सांगायला हवी होती.

दराबाबत घासाघीस करून काही हाती लागत नाही, पण त्याचा दोष दुकानदाराला देणे अन्यायाचे होईल, कारण इतर दुकानांतही फरक गोणीमागे दोन-चार रुपयांपलीकडे नव्हता. भिंतीवर ब्रँडचे फलक पुष्कळ दिसतात. मात्र त्यांतील एसीसी आणि अंबुजा २०२२ पासून एकाच अदानी समूहाकडे आहेत. एसीसी तर मुळातच १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन झालेली. आपल्या रत्नागिरीतला क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे) दळण्याचा कारखानाही मूळचा नर्मदा सिमेंटचा. तो लार्सन अँड टुब्रोच्या आणि २००४ मध्ये त्यांचा सिमेंट व्यवसाय बिर्ला समूहाकडे गेल्यावर अल्ट्राटेकच्या छत्राखाली आला.

सिमेंट वजनाने जड आणि त्या मानाने स्वस्त असल्यामुळे दूरचा माल भाड्यातच महाग पडतो, म्हणून कोणत्याही भागात विक्रेते मोजकेच उरतात आणि मोजक्यांचे आपसांत जुळणे सोपे असते. स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये ११ कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणाने: उत्पादक संघटनेच्या माध्यमातून दर आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना देऊन त्यांनी पुरवठा आखडला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांना तो मान्य नव्हता. २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेव्हा या दुकानाची पारख दरावर न करता मालाच्या ताजेपणावर करावी, आणि त्यात ते उत्तम आहे. स्लॅबसाठी सगळ्या गोणी एकाच आठवड्याच्या मागाव्यात. मे महिन्यात टेम्पो लवकर मिळत नाही, म्हणून मागणी आठवडाभर आधी नोंदवावी. उधारी चालत नाही.