जुन्या डिझेल पिकअपसाठी व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळी: हंगामभर वापरल्यानंतर

डब्यात येतं काय, तर एक व्हॅक्यूम गेज (नळीतली ओढ दाखवणारं काट्याचं घड्याळ), एक टी (तीन तोंडांचा जोड), हातभर पारदर्शक नळी आणि चार क्लिपा. हजाराच्या आत मिळतो हा संच. मी उन्हाळ्यात घेतला आणि टोमॅटोचा सगळा हंगाम वापरला. जाताना नारायणगावहून माळशेजमार्गे कल्याणला माल, येताना पेंड नाहीतर खताच्या गोण्या, असं गाडीचं काम. त्यामुळे चढ भरल्या गाडीनेच चढावा लागतो आणि डिझेलची कुरकुर तिथेच उघडी पडते.

आधीच सांगतो, हा संच दुरुस्त काहीच करत नाही. पण जुनी पिकअप ओढेनाशी झाली की कुणीही डोळे झाकून सांगतं, "पंप-नोझल करून घ्या," म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप आणि त्याची तोंडं दुरुस्त करा. ते काम खिसा रिकामा करणारं आहे. दोष टाकी ते पंप या भागात आहे की पंपाच्या पुढे, एवढं जरी आधी कळलं तरी पैसे वसूल. तेवढं याने कळतं, आणि बऱ्यापैकी खात्रीने कळतं.

माझ्या गाडीला रोटरी पंप आहे. टाकीतून डिझेल तोच ओढतो, वेगळा फीड पंप नाही. फिल्टरच्या डोक्यावर हँडपंप तेवढा आहे. म्हणजे टाकी ते पंप सगळी लाइन ओढीवर चालते. अशा लाइनला कुठे फट पडली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, तोच प्रकार. म्हणून खाली वाकून ओल शोधत बसलात तर सापडणार काहीच नाही.

जोडणी सोपी आहे. फिल्टर आणि पंपाच्या मधली रबरी नळी काढून तिथे टी आणि पारदर्शक तुकडा बसवायचा, हँडपंप मारून एअर काढायची, गाडी चालू करायची. मग नळी आणि काटा दोन्ही एकत्र वाचायचे. बुडबुडे दिसतात आणि काटा फारसा हलत नाही, तर गाडी एअर धरतेय. बुडबुडे नाहीत पण रेस दिली की काटा वर चढतो, तर लाइन कुठेतरी चोक आहे. नळी स्वच्छ, काटा शांत आणि गाडी तरीही ओढत नाही, तेव्हाच पंप-नोझलवाल्याचं दार. नुसती नळी किंवा नुसता गेज घेतला असता तर निम्मंच कळलं असतं. फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे येतातच, त्याने घाबरायचं नाही.

गाडी तब्येतीत असतानाचं माप आधी लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं. माझ्या गाडीचा काटा आयडलला दोन इंचाच्या (पाऱ्याचे इंच, ओढीचं माप) आसपास असतो, रेसवर चारच्या आत. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. फिल्टर, नळीची जाडी, टाकीची उंची यावर तो ठरतो.

पहिला उपयोग सकाळच्या सेल्फला झाला. रात्रभर उभी राहिली की सेल्फ मारून बॅटरी दमायची, पण हँडपंपचे चार झटके दिले की लगेच चालू. नळीत साखरेच्या कणांएवढे बुडबुडे रांगेने येताना दिसले. मग एकेका जोडावर घट्ट ग्रीस थापत गेलो. चासीला वळण घेऊन येणारी रबरी नळी जिथे लोखंडी पाइपवर चढते, तिथे ग्रीस लावताच रांग तुटली. क्लिप सोडली तर खालचं रबर कडक होऊन बारीक भेगाळलेलं. बोटभर कापून पुन्हा बसवलं असतं तरी चाललं असतं, पण नळी जुनीच होती, सगळीच बदलली.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. कल्याणकडून येताना टोकावडे गाव सोडून चढ लागला की गाडी दम टाकायची, थांबून थोड्या वेळाने परत ठीक. गेजला लांब नळी जोडून तो काचेबाहेर वायपरखाली अडकवला. (केबिनमध्ये आणू नका, नळी निसटली तर डिझेल मांडीवर.) सपाटीवर काटा जागेवर, घाटात हळूहळू आठच्या पुढे. बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडलं तर 'फुस्स' करून हवा आत गेली, टाकीचा पत्रा टण्ण वाजला आणि काटा खाली. झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं होतं. पिन आणि फडकं, एवढ्यात काम झालं.

दाजींच्या पिकअपला मात्र वेळ लागला. त्यांचं म्हणणं, "फिल्टर नवाच आहे, पंपच गेलाय." काटा वर होता. टी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला हलवला तरी काटा तेवढाच. फिल्टर चोक असता तर इथे तो उतरला असता. टाकीकडे उलटी हवा मारली की गाडी दोन दिवस पळायची आणि परत तेच. शेवटी टाकी उतरवली. ओढनळीच्या जाळीवर काळा चिकट गाळ. टाकीत पाणी साचून राहिलं की डिझेल आणि पाण्याच्या सांध्यावर असली घाण वाढते. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून पावसाळ्यात फिल्टरचा ड्रेन स्क्रू अधूनमधून सोडायचा असतो. तो किती जण सोडतात हे गॅरेजवाल्यांना विचारा.

पंपापर्यंत सगळं ठीक आणि नोझलच्या नटापाशी डिझेलच नाही, असं झालं तर पंप उतरवण्याआधी त्याच्यावरच्या स्टॉप सोलेनॉइडला (चावी बंद केली की डिझेल अडवणारी विजेवरची झडप) १२ व्होल्ट येतात का ते बघा. चावी फिरवल्यावर 'टिक' आवाज यायला हवा. सुटलेली वायर पंपापेक्षा स्वस्त.

आता तक्रारी. संचातली नळी पीव्हीसीची आहे, डिझेलने पिवळी पडून काडीसारखी कडक झाली. टी प्लॅस्टिकचा, त्याच्या आट्यांवर भरवसा नाही. मी पितळी घातला. गेजमध्ये तेल नसल्याने आयडलला काटा थरथरतो, मधला आकडा धरावा लागतो. पावसात काचेवर आतून वाफ धरते. क्लिपा जरा जास्त आवळल्या की नळी कापतात. आणि सोबतच्या कागदावर काहीच उपयोगाचं लिहिलेलं नाही.

कॉमन रेल गाड्यांवर (ज्यांत सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) हे फक्त कमी दाबाच्या ओढीच्या लाइनवर लावा; रेलच्या बाजूचा नट चालू गाडीत सैल करू नका, तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीत घुसते. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या पेट्रोल गाडीवर तर हा संच लावूच नका.

काम झालं की पारदर्शक नळी काढून रबरीच बसवायची, सायलेन्सरच्या उष्णतेजवळ ती कायम ठेवायची वस्तू नाही. बदली नळी घेताना हवेच्या कॉम्प्रेसरवाल्याकडे पीयू (पॉलियुरेथेन) नळी मागा, ती डिझेलमध्ये बरीच टिकते. आतलं माप आपल्या गाडीच्या पाइपवरून बघून घ्या. माझ्या गाडीला आठ मिलिमीटरची लागली.