पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन?

गुडघा सुजलाय, अंगात कणकणही आहे, दोन्ही गोळ्या घरात आहेत; कुठली घेऊ, असं मावशीने परवा फोनवर विचारलं.

काम कसं करतात? आयबुप्रोफेन शरीरभर प्रोस्टाग्लँडिन्स (ताप, वेदना, सूज आणणारी शरीरातली रसायनं) तयार होणं रोखतं, म्हणून ताप, वेदना आणि सूज तिन्ही कमी होतात. पॅरासिटामॉलचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत होतो. ताप उतरतो, दुखणं कमी होतं, सूज जवळपास तशीच राहते.

धोका मात्र दोघांचा वेगळा. हीच प्रोस्टाग्लँडिन्स जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. त्यामुळे आयबुप्रोफेनने अल्सर, रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो. पॅरासिटामॉल पोटाला सोसतं, पण जास्त झालं तर यकृत निकामी करतं. तेही गुपचूप: पहिल्या दिवशी फारसं जाणवतही नाही. निरोगी प्रौढासाठी 24 तासांत कमाल 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या. रोज दारू पिणाऱ्यांना त्याहून कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं, आणि ते कुणी मोजत नाही!

किमतीत म्हणाल तर दोन्ही स्वस्त.

साधा ताप, डोकेदुखी किंवा डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉल. मुरगळलेला पाय, दातदुखी, पाळीतल्या कळा असतील तर थोडे दिवस, जेवणानंतर आयबुप्रोफेन. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण यांत ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मावशीला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिला पॅरासिटामॉलच सांगितलं.