अलास्काच्या गार पाण्यात एसबीई ९११प्लस सीटीडी : सविस्तर परीक्षण

अलास्कातलं सिवर्ड बंदर सोडलं की रेसरेक्शन उपसागराच्या तोंडाशी जीएके-१ हे ठाणं लागतं. पाणी साधारण २६० मीटर खोल. डिसेंबर १९७० पासून इथल्या पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजली जात आहे. इथून थेट खोल समुद्राकडे जाणारी ठाण्यांची रांग म्हणजे सिवर्ड लाइन. या रांगेवर काम करणाऱ्या जहाजांपैकी ‘सिकुलियाक’ हे मोठं, ७९.६ मीटर लांबीचं. इनुपियाक भाषेत या नावाचा अर्थ कोवळा समुद्री बर्फ. मालकी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची आणि जहाज चालवतं अलास्का फेअरबँक्स विद्यापीठ. अशा जहाजावरचं सगळ्यात जास्त वेळा पाण्यात जाणारं यंत्र म्हणजे सीटीडी, म्हणजे खोलीनुसार पाण्याची विद्युतवाहकता आणि तापमान मोजणारं यंत्र. सी-बर्ड कंपनीचं ९११प्लस हे त्यातलं प्रमाण मानलं जाणारं मॉडेल, आणि हे परीक्षण त्याचंच आहे.

मत आधी सांगून टाकू. मोजमापाच्या अचूकतेत हे यंत्र उत्तम आहे आणि किनारी सर्वेक्षणासाठी बिनदिक्कत निवडावं असं आहे. मात्र ते चालवणारा माणूस तितकाच पक्का हवा. आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत खरा आहे की नाही, हे बहुतेक वेळा यंत्र पाण्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत ठरतं. उपआर्क्टिक किनाऱ्यावर तर फारच.

त्याचं कारण पाण्यातच आहे. गोव्यासमोरच्या २८ अंशांच्या पाण्यात तापमान एका अंशाने बदललं तर घनमीटरमागे घनता सुमारे ०.३ किलोने बदलते. अलास्काच्या ४-५ अंशांच्या पाण्यात तोच एक अंश जेमतेम ०.१ किलोचा फरक पाडतो. क्षारतेचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखाच, एका एककाला पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे अलास्कात पाण्याचे थर तापमानावर नाही, क्षारतेवर उभे असतात. पाऊस, वितळतं बर्फ आणि हिमनद्यांचं पाणी किनाऱ्याला लागून वाहतं आणि त्यातूनच अलास्का किनारी प्रवाह तयार होतो. उन्हाळा सरताना पृष्ठभागाची क्षारता ३० च्या खाली उतरते, तळाशी ती ३३ च्या आसपास राहते. हिवाळ्यात वरचं पाणी खालच्यापेक्षा गार असूनही वरच टिकतं, ते याच क्षारतेच्या जोरावर. आणि क्षारता हे यंत्र थेट मोजत नाही. ते विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजतं, क्षारता त्यावरून काढली जाते. या तिघांचा मेळ थोडा जरी चुकला तर चूक क्षारतेत उतरते आणि तिथून सरळ घनतेत.

आता यंत्राची रचना. पाण्यात जाणारा भाग ९प्लस, जहाजावरचा डेक युनिट ११प्लस, आणि दोघांना जोडणारी एका वाहकाची चिलखती केबल. पाण्यातल्या भागाला वीज याच केबलमधून जाते आणि मोजमापं त्याच केबलने वर येतात, सेकंदाला २४ वेळा. सेकंदाला एक मीटर वेगाने खाली सोडलं तर दर मीटरला २४ नोंदी मिळतात. तापमानाची अचूकता ०.००१ अंश, वाहकतेची मीटरला ०.०००३ सीमेन्स. तापमान आणि वाहकता या सेन्सरांची जोडी एकाऐवजी दोन बसवता येते, आणि ती बसवावीच. केबलवर २५० व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे डेक युनिट बंद केल्याशिवाय पाण्याखालच्या जोडाला हात लावायचा नाही. हा नियम नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगावा.

एका जोडीतल्या नळीत जेलीफिश किंवा चिकट शैवाल अडकलं की तिची क्षारता एकदम खाली घसरते आणि दुसरीची जागच्या जागी राहते. दोन रेषा पडद्यावर वेगळ्या झाल्या की काय झालं ते तिथल्या तिथे कळतं. एकच जोडी असेल तर हा गोड्या पाण्याचा थर आहे की घाण, हे ठरवायला काहीच हातात राहत नाही. हिमनद्यांच्या तोंडाशी पाण्यात पिठासारखा बारीक गाळ असतो. तिथे तर दुसऱ्या जोडीवाचून काम करूच नये.

आता मुख्य भाग, भिजवणी. रोझेट, म्हणजे सीटीडी आणि नमुन्याच्या बाटल्या धरणारी गोल चौकट, पाण्यात उतरलं की १० मीटरवर थांबवायचं. वाहकतेच्या सेन्सरच्या संकेताची वारंवारता ठरावीक पातळीच्या वर गेली की त्यानंतर ६० सेकंदांनी सेन्सरांमधून पाणी खेचणारा पंप सुरू होतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, नळ्यांमधली हवा निघून जावी म्हणून. पंप सुरू झाल्यावर ऑक्सिजनच्या सेन्सरचा आकडा उडी घेतो आणि दोन्ही क्षारतांच्या रेषा एकमेकींवर येतात. तोपर्यंत हलायचं नाही. सगळं धरून दोन-तीन मिनिटं जातात. मग लाटा परवानगी देतील तितकं पृष्ठभागाजवळ वर आणायचं आणि तिथून मोजणीची उतरण सुरू करायची.

खुल्या समुद्रात हे सरळ होतं. प्रिन्स विल्यम साउंडच्या फियॉर्डमध्ये (डोंगरांत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीत), हिमनदीच्या समोर, इथेच फसगत होते. पंप सुरू करणारी पातळी खाऱ्या पाण्याचा हिशेब धरून कारखान्यातच ठरवलेली असते. वरचं पाणी फारच गोडं असेल तर ती गाठलीच जात नाही आणि पंप बंद राहतो. पडद्यावर आकडे येत राहतात, दिसायला गुळगुळीतच असतात, पण सेन्सरमधून पाणी वाहतच नसतं. ओळखायची खूण अशी : उतरताना क्षारतेची रेषा संथपणे, लांबत लांबत बदलते आणि ऑक्सिजन जवळपास हलत नाही. उपाय दोन. भिजवणी आणखी खोल, खाऱ्या थरात करायची. किंवा यंत्र मागवतानाच पंप हाताने चालू-बंद करण्याची सोय घ्यायची. पहिल्या उपायात एक उणीव राहते : वर गोड्या थरात परत आणलं की पंप पुन्हा बंद पडू शकतो, आणि नेमके तेच वरचे पाच-सात मीटर या सर्वेक्षणात हवे असतात. ज्यांना फियॉर्डमध्ये नेहमी काम करायचं आहे त्यांनी दुसरा उपायच घ्यावा. ही सोय मागणीनुसार न देता मुळातच द्यायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उतरणीचा वेग वरच्या ५०-१०० मीटरमध्ये सेकंदाला अर्धा मीटर आणि त्याखाली एक मीटर ठेवावा. जहाज हेलकावे घेतं तेव्हा रोझेट मध्येच मंदावतं, कधी उलटं वर ओढलं जातं. तेव्हा चौकटीमागून ओढलं गेलेलं पाणी पुढे निघून सेन्सरवर येतं. आलेखात घनतेची खोटी पायरी दिसते, जड पाण्यावर हलकं असण्याऐवजी हलक्यावर जड. यासाठी नोंदींवरच्या संगणकीय प्रक्रियेत लूप एडिट ही पायरी वापरतात आणि सेकंदाला ०.२५ मीटरपेक्षा कमी वेगाच्या नोंदी बाजूला काढतात. जोराचा वारा असलेल्या दिवशी मात्र वरच्या थरातल्या बऱ्याच नोंदी अशा जातात, हे धरून चालावं.

क्षारतेचे काटे, म्हणजे आलेखात दिसणारी खोटी टोकं, हा या यंत्राबद्दलचा सगळ्यात जुना प्रश्न. तापमानाचा सेन्सर आणि वाहकतेची काचेची नळी एकाच पाण्याला एकाच क्षणी प्रतिसाद देत नाहीत. ४-५ अंशांच्या पाण्यात तापमान ०.०१ अंशाने मागे-पुढे झालं तर क्षारतेत जवळपास ०.०१ चीच चूक होते. म्हणून वाहकता ०.०७३ सेकंदांनी पुढे सरकवायची असते. हे काम डेक युनिट स्वतःच करतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नंतर प्रक्रियेतल्या अलाइन सीटीडी या पायरीत तीच दुरुस्ती पुन्हा लावणं. मग काटे जाण्याऐवजी उलट्या दिशेने उगवतात. जुन्या डेक युनिटमध्ये ही दुरुस्ती फक्त पहिल्या जोडीला लागते, नव्या आवृत्तीत दोन्ही जोड्यांना. नोंदफाइलीच्या माथ्यावर तशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय प्रक्रिया सुरू करू नये. त्यानंतर सेल थर्मल मास : काच उष्णता धरून ठेवते, त्याची भरपाई. ९११प्लससाठी अल्फा ०.०३ आणि एक भागिले बीटा ७.० हे नेहमीचे आकडे बहुतेक वेळा पुरतात. ऑक्सिजनला वेगळी सरक लागते, २ ते ५ सेकंदांची. गार पाण्यात त्या सेन्सरचा ऑक्सिजन आत सोडणारा पातळ पडदा मंदावतो, म्हणून इथे मोठ्या आकड्याकडे झुकावं आणि उतरण-चढणीच्या रेषा जुळतात का ते बघून ठरवावं.

पाण्याचे नमुने घेणाऱ्या रोझेटबद्दल. बाटल्या वर येताना बंद करतात. ठरलेल्या खोलीवर थांबून निदान अर्धा मिनिट, समुद्र शांत असेल तर पूर्ण मिनिट थांबावं. रोझेट आपल्यासोबत खालचं पाणी घेऊन येतं, आणि तीव्र बदलाच्या थरात लगेच बाटली मिटली तर नमुना दोन-तीन मीटर खालचा निघतो. शांत पाण्यात हे जास्त होतं, कारण बाटली धुऊन काढायला हेलकावेही नसतात. डेकवर आल्यावर वरचा हवेचा स्क्रू बंद असतानाच खालची तोटी उघडून बघावी. पाणी आलं तर बाटली गळकी आहे, तिचा नंबर लिहून ठेवावा. बहुतेक वेळा ओ-रिंगमध्ये वाळूचा कण किंवा केस सापडतो. बाटली मिटलीच नाही तर आधी तिची दोरी सोडणारी खिळी बघावी. मीठ साचून ती चिकटते. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याचा भरपूर फवारा मारला तर हा त्रास जवळजवळ होत नाही.

नमुने काढताना क्रम बदलायचा नाही : आधी विरघळलेला ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, क्षारता आणि शेवटी क्लोरोफिल. ऑक्सिजनच्या कुपीत नळी तळापर्यंत घालून कुपीच्या दोन-तीन पट पाणी बाहेर सांडू द्यावं, बुडबुडा राहता कामा नये. क्षारतेची बाटली तीनदा खळबळून घ्यावी आणि तोंड पुसून झाकण लावावं. झाकणाच्या आट्यात राहिलेला एक थेंब वाळला तरी त्याचं मीठ पुढच्या वेळी आकडा बिघडवतं. प्रयोगशाळेतल्या सॅलिनोमीटरवर लावण्याआधी या बाटल्या खोलीच्या तापमानाला दिवसभर तरी ठेवाव्यात. गार बाटली लगेच लावली तर आकडा स्थिर होत नाही.

केबल हा या व्यवस्थेचा सगळ्यात कच्चा दुवा. पडद्यावर मॉड्युलो एररचा आकडा चढू लागला म्हणजे नोंदी वाटेतच गळत आहेत. आधी विंचच्या स्लिप रिंग (फिरत्या रिळातून वीज पुढे नेणारा जोड), मग केबलचं टोक, मग पाण्याखालचा जोड, या क्रमाने तपासावं. केबलचं टोक नव्याने बांधायला अर्धा दिवस जातो, म्हणून ते काम बंदरातच उरकावं. यंत्र उघडण्याची घाई करू नये, दोष तिथे क्वचितच असतो.

थंडी. हवा शून्याखाली असेल तर वाहकतेच्या काचनळीत राहिलेलं पाणी गोठून काच तडकते. ऑक्सिजनच्या पडद्याचंही नुकसान होतं. म्हणून रोझेट डेकवरच्या गरम, बंदिस्त हँगरमधून शेवटच्या क्षणी बाहेर काढायचं, आणि वर आलं की लगेच आत न्यायचं. आत नेणं शक्यच नसेल तर नळीतलं पाणी झटकून काढायचं. दाबाची हवा मारायची नाही, तिच्यात कॉम्प्रेसरचं तेल असतं आणि तेलाचा थर नळीत बसला की वाहकता बिघडते. स्वच्छतेसाठी ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या रसायनाचं एक टक्का द्रावण सिरिंजने नळीतून फिरवायचं आणि मग गोड्या पाण्याने धुवायचं. ब्रश किंवा कापूस नळीत कधीही घालू नये.

छोट्या होडीवरून काम असेल तर हे यंत्र घेऊ नये. त्याला विजेची केबल, मोठं विंच आणि डेक युनिट लागतं. तिथे बॅटरीवर चालणारं, नोंदी स्वतःतच साठवणारं १९प्लस पुरेसं आहे. सेकंदाला चारच नोंदी आणि तापमानाची अचूकता ०.००५ अंश, पण महिन्याकाठी एका ठाण्यावर जाऊन येण्याला तेवढं चालतं.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मोहिमांतही ९११प्लस वापरलं गेलं आहे. त्यामुळे अरबी समुद्रात हात बसलेल्या माणसाला अलास्कात किंवा इतर कुठल्या गार किनाऱ्यावर यंत्र शिकावं लागत नाही. सवयी मात्र बदलाव्या लागतात. गोव्यासमोर क्षारतेत ०.०५ चा काटा आला तरी तीव्र थर्मोक्लाइनमध्ये (तापमान झपाट्याने बदलणाऱ्या थरात) तो घनतेच्या आलेखात सहसा लपून जातो. इथे तोच काटा थर उलटा झाल्याचं खोटं चित्र उभं करतो आणि पाणी कुठवर घुसळलं गेलं, याचा हिशेब चुकवतो.

सोबत नेण्याचे सुटे भाग : तापमान आणि वाहकतेचा प्रत्येकी एक जादा सेन्सर, एक पंप, ऑक्सिजनचा एक सेन्सर, पाण्याखालच्या केबलींचा पूर्ण संच, टोक बांधण्याचं साहित्य, आणि निदान निम्म्या बाटल्यांना पुरतील इतक्या ओ-रिंग आणि दोऱ्या. जादा सेन्सरांची कॅलिब्रेशन पत्रकं छापून घ्यावीत. सेन्सर बदलला आणि संगणकात जुन्याचेच गुणांक राहिले तर पुढची सगळी ठाणी चुकीच्या आकड्यांनी भरतात. कच्च्या फाइली जपलेल्या असतील तर ते नंतर सुधारता येतं, म्हणून कच्ची फाइल प्रत्येक ठाण्यानंतर दुसऱ्या डिस्कवर उतरवावी.