परदेशी कार्ड, दोन नावे आणि माझे 1,94,700 रुपये

रावपुऱ्यात माझे मोबाईलचे दुकान आहे आणि गल्ल्यावर बसून मला बावीस वर्षे झाली, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण बडोद्यात डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेल्यांची खरेदी सुरू होते आणि माझ्यासारखे आणखी कोणी फसू नये, म्हणून लिहितो आहे.

तो माणूस आपल्या बडोदी मराठीत बोलला, आजोबांचे घर दांडिया बाजारात होते असे म्हणाला आणि भाच्यांसाठी दोन महागडे फोन पसंत केले. सोबत घेतलेला हेडफोन त्याने ऐनवेळी परत ठेवला आणि बिल 1,94,700 रुपयांचे झाले. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन मागावे लागते, हे मला त्या रात्री आठवले. कार्डाची चिप तीनदा वाचली गेली नाही, म्हणून मशीनने स्वाइप करायला सांगितले; पिन मागितलाच नाही, स्लिपवर फक्त सही घेतली. परदेशी कार्डाची चिप चालत नसेल, तर तिथेच थांबा आणि पासपोर्ट मागा. माझ्या काउंटरवरच्या मुलाने तो मागितलाही होता. ‘हॉटेलवर राहिला,’ असे उत्तर आले आणि मीच मुलाला गप्प केले, कारण आपल्या माणसाकडे ओळखपत्र मागणे मला अपमानाचे वाटले.

पण जे दिसायलाच हवे होते, ते त्यानंतर घडले. बिलावर त्याने सांगितलेले मराठी आडनाव होते आणि स्लिपवर कार्डातून छापून आलेले नाव भलतेच, परदेशी होते. ते दोन कागद एकावर एक ठेवून मी माझ्या हाताने स्टेपलरची पिन मारली. दोन्ही नावे माझ्या अंगठ्याशी होती आणि मी ती वाचली नाहीत. दुकानात गर्दी होती आणि मशीनने व्यवहार मंजूर केला होता. मंजुरी आली की पैसे आपले, असेच आपण सगळे दुकानदार धरून चालतो. कार्ड कोणाच्या हातात आहे, हे मशीनला कळत नाही. स्लिपवरचे शेवटचे चार आकडे कार्डावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. नकली कार्डात हे आकडे अनेकदा जुळत नाहीत.

कमिशनचे 5,841 रुपये कापून माझ्या खात्यात 1,88,859 रुपये आले होते. एक्केचाळिसाव्या दिवशी चार्जबॅक आला, म्हणजे खऱ्या कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने व्यवहार उलटवला, आणि पूर्ण 1,94,700 रुपये वळते झाले. शाखेने मशीनच्या विभागाकडे पाठवले, त्या विभागाने ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत मागितली आणि ती नाही म्हटल्यावर फाईल बंद केली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे कोणत्या खात्यात गेले असे विचारले. पैसे कुठेच गेले नव्हते, माल गेला होता. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की फोन चोरीला गेलेले नाहीत, तुम्हीच बिल करून दिले आहेत, बँकेकडे जा. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी दोनदा वाचले. तीन कामकाजी दिवसांत फसवणूक कळवणाऱ्या खातेदाराला त्यात संरक्षण आहे, पण माल देऊन बसलेल्या दुकानदारासाठी त्यात एक ओळही नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस वाट पाहावी लागते. तक्रार तोंडी करू नका, पोच घ्या. माझे पहिले दोन आठवडे तोंडी बोलण्यातच गेले.

दोन्ही फोनचे आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बिलावर छापलेले आहेत. त्यावरून फोन बंद करण्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ती मला अजून कोणी दिलेली नाही.