आठ महिने ईआरजी यंत्रासोबत: उंदराच्या डोळ्यातली वीज मोजताना

पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसलो असतो तर या यंत्राला पाचपैकी दोन तारे दिले असते. आज चार देतो, आणि पाचवा का राखून ठेवला तेही सांगतो.

ईआरजी म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम, प्रकाश पडल्यावर डोळ्यात उमटणाऱ्या विजेची नोंद. आमचं यंत्र लहान प्राण्यांसाठीचं आहे. घुमटातून डोळ्यावर सगळीकडून सारखा प्रकाश पडतो, बुबुळावर टेकवलेली सोन्याची बारीक कडी रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या प्रकाश टिपणाऱ्या थराचा, विद्युत प्रतिसाद टिपते. आधी खाली जाणारी ए-लाट रॉड (मंद प्रकाशात पाहणाऱ्या) आणि कोन (उजेडात पाहणाऱ्या) पेशींची, मागोमाग उसळणारी बी-लाट मुख्यतः त्यांचा संदेश पुढे नेणाऱ्या ऑन-बायपोलर पेशींची. बेडकाच्या डोळ्यात स्वीडिश शास्त्रज्ञ होल्मग्रेनने 1865 मध्ये पहिल्यांदा पाहिला तोच हा प्रतिसाद. आपल्याला फक्त तो मायक्रोव्होल्टमध्ये पडद्यावर दिसतो.

आमचं काम आरडी10 या जन्मजात रेटिना-दोष असलेल्या वंशाच्या उंदरांवर चालतं. पीडीई6बी जनुकातल्या दोषामुळे यांच्या रॉड पेशी मरत जातात. आरडी1 दोषाच्या उंदरांतही तेच जनुक बिघडलेलं असतं, पण तिथे पिल्लू तीन आठवड्यांचं होईपर्यंत बहुतेक रॉड गेलेले असतात, मोजायला हातात काही उरतच नाही. आरडी10 थोडी सवड देतो: तिसऱ्या आठवड्यात लाटा दिसतात, दोन महिन्यांच्या सुमारास रेघ जवळजवळ सपाट. मधली उतरण पकडायची, एवढ्यासाठी यंत्र घेतलं.

सुरुवातीला निरोगी उंदरांचीच बी-लाट लहान येत होती. आठवडाभर यंत्राला शिव्या घातल्या. मग कोणीतरी डोळ्यात नीट डोकावून पाहिलं, तर भिंग दुधाळ झालेलं. केटामिन-झायलाझिनच्या भुलीत उंदीर भराभर गार पडतो आणि भिंग तात्पुरतं गढूळ होतं. गरम गादीचा संवेदक निसटला होता, बस. तेव्हापासून प्रत्येक नोंदीशेजारी शरीराचं तापमान लिहितो आणि डोळ्यावर जेलचा थेंब कोरडा पडू देत नाही. त्याच गादीने आणखी एक उपद्व्याप केला: तिच्या वीजपुरवठ्यातून 50 हर्ट्झची कुरकुर प्रत्येक रेघेवर चढायची. वेगळं अर्थिंग दिल्यावर थांबली.

सगळ्यात हसू आलं (नंतर, अर्थात) ते नियंत्रण गटाच्या उंदरांवरून. धडधाकट उंदीर, रेघ मात्र सपाट. दोन दिवस कड्या बदलल्या, तारा बदलल्या. शेवटी पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचली: सी3एच. या वंशात आरडी1 दोष आधीपासूनच असतो! यंत्र बरोबर सांगत होतं, आम्हीच ऐकत नव्हतो.

सॉफ्टवेअर बरं आहे, पण त्यातलं तयार वेळापत्रक आंधळेपणाने वापरू नका. तेजस्वी झोतांमधलं अंतर इतकं कमी ठेवलंय की रॉड सावरायच्या आत पुढचा झोत येतो आणि बी-लाट उगाच खुजी दिसते. आम्ही मंद झोतापासून सुरुवात करतो आणि तेज वाढेल तशी विश्रांती वाढवतो. त्याआधी रात्रभर काळोख, हाताळणी मंद लाल दिव्यात. काळोखात चाचपडत कडी बसवायला मला महिना लागला.

यंत्रावर विश्वास बसला तो एका जुन्या गोष्टीमुळे. आरडी10 पिल्लं अंधारात वाढवली तर ऱ्हास लांबतो, हे माहीत होतं. दोन गट मोजले, फरक पडद्यावर स्वच्छ उमटला. ए-लाट आधी गोंगाटात बुडते, बी-लाट त्यानंतरही काही दिवस तग धरते, हेही दिसलं.

आता तो राखलेला तारा. दिवे पांढरे, अतिनील प्रकाश नाही. उंदराच्या रेटिनात, विशेषतः खालच्या भागात, सुमारे 360 नॅनोमीटरला संवेदनशील रंगद्रव्य असलेले कोन भरपूर असतात. आमच्या दिव्यांना ते जेमतेम दाद देतात. रॉड गेल्यावर जे काही उरतं ते कोनच, म्हणजे नेमक्या हव्या त्या वेळी यंत्र अर्धवट पाहतं. घेणाऱ्यांनी अतिनील एलईडी आहे का, हे आधी विचारावं.

आणि सपाट रेघ म्हणजे डोळा पूर्ण मेला, असं समजू नका. ही अख्ख्या रेटिनाची बेरीज आहे; चार-दोन ठिपक्यांत तगलेल्या पेशी त्यात ऐकू येत नाहीत. मेलानॉप्सिन या रंगद्रव्यामुळे स्वतःच प्रकाश ओळखणाऱ्या आणि बाहुली आकसवणाऱ्या गँग्लियन पेशी तर इथे उमटतच नाहीत. मागच्या आठवड्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालायच्या आधी एका पूर्ण सपाट रेघेच्या आरडी1 उंदरावर झगझगीत दिवा धरला. बाहुली आकसली.