मुक्काम बारिलोचेत की नाउएल उआपीच्या रानात?

अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात जाणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. बारिलोचे शहर नाउएल उआपी सरोवराच्या काठावर आहे आणि त्याला चहूबाजूंनी सरोवराच्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानाने वेढलंय. पॅटागोनियाचे शोधप्रवासी फ्रान्सिस्को मोरेनो यांनी 1903 मध्ये सरकारला परत दिलेल्या जमिनीतून उद्यानाची कल्पना रुजली आणि 1934 मध्ये ते रीतसर स्थापन झालं.

शहरात राहण्याची सोय निर्विवाद आहे. 20 नंबरची बस सरोवराच्या कडेकडेने याओ याओपर्यंत जाते. वाटेत सेरो कॅम्पानारिओ या टेकडीपाशी उतरून चेअरलिफ्टने वर गेलं की निळ्या पाण्याचे फाटे डोंगरांत शिरताना दिसतात. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर शहरच निवडा. चॉकलेटची दुकानं आहेतच, पण सेंत्रो सिविको या मध्यवर्ती चौकातलं पॅटागोनिया संग्रहालय अजिबात चुकवू नका.

माझं मन मात्र उद्यानाकडे झुकतं. फ्रेय रेफ्युजिओ (डोंगरातलं मुक्कामाचं निवारागृह) टोंचेक तळ्याकाठी, सुमारे 1700 मीटरवर आहे. तिथे चालतच जावं लागतं, आणि मागे ग्रॅनाइटचे सुळके उभे असतात. दिवसभरात जाऊन परत येता येतं, पण मग सुळक्यांवरचं संध्याकाळचं ऊन हुकतं! उद्यानातल्याच पाम्पा लिंदा या ठिकाणी राहिलात तर त्रोनादोर पर्वत आणि दगडमातीने काळी पडलेली हिमनदी जवळ येते. तिथला रस्ता अरुंद आहे. सकाळी फक्त जाण्यासाठी, दुपारनंतर परतण्यासाठी खुला असतो, म्हणून वेळा आधीच विचारून ठेवा. हिवाळ्यात अनुभव नसेल तर उंचावरच्या वाटांना जाऊ नका.