स्वेटर वरून खाली विणावा की चार तुकड्यांत?

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या घरी लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली येते. तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, इकडे मी आठ नंबरच्या सुया शोधत फिरतो. पुरुषमाणूस विणतो म्हणून नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात पहिल्या वर्षी भरपूर चेष्टा झाली. पुढच्या वर्षी त्यातल्याच तिघांनी नातवंडांसाठी टोप्या मागितल्या.

टोप्या, मफलर, बाळाचे मोजे हे सगळं झालं आणि आता वेण्या-दाण्यांची वीण असलेला, अंगाला नीट बसणारा पूर्ण बाह्यांचा पुलओव्हर करायचा असं मनात आलं, की टाके घालायच्या आधीच एक निर्णय घ्यावा लागतो. गळ्यापासून सुरुवात करून गोल सुईवर (दोन टोकं मधल्या वायरीने जोडलेली सुई) एकसंध खाली उतरायचं, की पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी जोडायच्या? मी दोन्ही करून बसलोय. माप माझंच, छाती ३८. लोकर एकाच दुकानातली, एकाच लॉटची, फिकट करडी. पहिला स्वेटर वरून खाली केला, दुसरा त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुकड्यांत. त्यामुळे बोलायचा थोडा अधिकार आहे, एवढंच. मोजमापाची वही वगैरे ठेवलेली नाही.

वरून खाली विणण्याची मोहिनी कशात आहे ते आधी सांगतो, कारण मी तिला भुललो होतो. अर्धवट विणलेला स्वेटर अंगात घालून आरशासमोर उभं राहता येतं. गळ्याचे टाके घातले, चार ठिकाणी खुणा लावल्या (मी सेफ्टी पिना लावतो) आणि एकाआड एक फेरीला प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवला, म्हणजे त्या फेरीला आठ टाके वाढतात. काखेपर्यंत पोचलात की बाह्यांचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवायचे आणि धड पुढे चालू ठेवायचं. पोटाशी सैल हवा, कमरेला लांब हवा, बाही मनगटाच्या हाडापर्यंतच हवी, सगळं घालून ठरवता येतं. या तिरक्या रेघांच्या बाहीला रॅग्लन म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत १८१५ साली उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनच्या नावावरून. एका हाताच्या माणसाला कोट चढवायला सोपा जावा म्हणून ही बाही आली, असं सांगतात. ती घातली की हात मोकळा फिरतो, यात शंका नाही.

दुसरा फायदा लोकरीच्या हिशोबाचा. गुंडे संपत आले की लांबी तिथे थांबवता येते. तुकड्यांच्या पद्धतीत दुसऱ्या बाहीला लोकर कमी पडली तर मेन रोडची सगळी दुकानं पालथी घालूनही तीच छटा मिळेल याची खात्री नाही. माझ्या मापाला वेण्यांसकट साडेसहाशे ग्रॅम लागली. साध्या विणीला एवढी लागत नाही. वेणी लोकर खाते.

तिसरा फायदा म्हणजे सुलटी बाजू कायम डोळ्यांसमोर. वेणी कुठे ओलांडायची ते दिसत राहतं, चुकलं तर लगेच कळतं. उलट्या ओळी विणायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी तर गोल सुई म्हणजे पर्वणीच.

आता माझी फजिती. छातीवर मधोमध एक जाड वेणी आणि तिच्या दोन्ही अंगांना दाण्यांचे द्राक्षघोस काढायचे असं ठरवलं होतं. नाशिकच्या माणसाने विणायचं तर द्राक्षंच. घोसाचा नकाशा कागदावर खालून वर काढला होता: आधी टोकाचा एक दाणा, मग दोन, मग तीन. त्या नादात मी तो तसाच विणत गेलो. पण मी तर वरून खाली उतरत होतो! चौथा घोस झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, ही द्राक्षं वेलीला लोंबतायत की जमिनीतून उगवतायत?" वरून विणताना नकाशा उलटा धरायचा असतो. हे लक्षात ठेवलं तर प्रश्न नाही, म्हणून या चुकीचं खापर मी पद्धतीवर फोडणार नाही.

एक अडचण मात्र पद्धतीचीच. खांद्याच्या तिरक्या रेघांपाशी टाके सतत वाढत असतात, आणि ते नवे टाके तुमच्या विणीत सामावून घ्यावे लागतात. साध्या विणीत हे आपोआप होतं. एकाआड एक उलट-सुलट टाक्यांच्या साबुदाण्याच्या विणीत थोडं डोकं लागतं. तीन-तीन वेण्या असतील तर प्रत्येक फेरीला नवा हिशोब, आणि तोही ऐन गळ्याजवळ, जिथे बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते. तुकड्यांच्या पद्धतीत वेणी मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, जाऊन सरळ संपते. काही टाके बंद करायचे, मग ओळीआड एकेक कमी करत जायचं, कडेची वीण कापली गेली तरी ती काखेत लपते.

बाहीचं तर बोलूच नका. वरून खाली करताना बाही शेवटी येते आणि तेव्हा अख्खं धड मांडीवर पडलेलं असतं. दर फेरीला बाही फिरवायची म्हणजे ते सगळं गाठोडं फिरवायचं. मोज्याच्या दोन तोंडांच्या सुया घ्या की लांब वायरीची गोल सुई घ्या, गाठोडं तेच. त्यात माझं काम रेंगाळलं फाल्गुनापर्यंत. नाशिकची थंडी ही सकाळ-संध्याकाळची पाहुणी, मार्च लागला की दुपारी पंखा लागतो. पंख्याखाली बसून मांडीवर अर्धा किलो लोकर घेऊन बाही विणणारा माणूस कसा दिसत असेल, तुम्हीच बघा. तुकड्यांत बाही म्हणजे छोटं काम. शबनममध्ये मावते, बसमध्ये होते, फक्त सरळ सुयांची टोकं शेजारच्याला लागू नयेत एवढं सांभाळायचं.

तरी इथवर मी वरून-खालीच्याच बाजूने होतो. बाह्या होऊन जातात, गाठोडं विसरलं जातं. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगायला संकोच वाटतो. तो स्वेटर अंगावर फिरायचा.

सकाळी घालून निघालो की वेणी बरोबर मधोमध. गंगापूर रोडवरून स्कूटर काढून सातपूरला पोचेपर्यंत ती डावीकडे दोन बोटं. संध्याकाळी घरी उतरेपर्यंत चार बोटं. द्राक्षांचा एक घोस बगलेकडे निघालेला, दुसरा छातीच्या मधे आलेला. मी दर सिग्नलला एक हात सोडून स्वेटर सरळ करायचो. मागच्या गाडीवाल्याला वाटायचं, मी वळायचा इशारा देतोय. एकदा एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, ठरवा एकदाचं, वळायचंय का?" तीन आठवडे मी ते सहन केलं. चौथ्या आठवड्यात स्वेटर कपाटात गेला.

असं का होतं? माझ्या समजुतीप्रमाणे यात दोन गोष्टी आहेत. लोकर एकपदरी असेल तर तिचा पीळ कापडात उतरतो आणि साधी वीण तिरकी चालते. माझ्या धडाच्या दोन्ही कडा साध्या विणीच्या होत्या. उलट-सुलट समसमान असलेल्या विणीत हा तिरकेपणा बराचसा मुरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शिवणच नसल्याने त्या नळीला कुठेच कणा नव्हता. त्यात डब्याची पिशवी मी कायम डाव्या खांद्याला अडकवतो, तिचाही हातभार असणार. त्यामुळे सगळा दोष पद्धतीचा, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरच्या कोळ्यांचे स्वेटर तर बिनशिवणीचेच असत. पण ते पाचपदरी, घट्ट पिळाच्या लोकरीचे आणि बारीक सुयांवर इतके दाटून विणलेले, की त्यांना फिरायला जागाच नव्हती. त्यांची बाहीसुद्धा खांद्यापासून टाके उचलून खाली विणायचे, मनगटाची कड फाटली की तेवढीच उसवून परत विणता यावी म्हणून. हे शहाणपण मी मानतो. पण आपल्याकडे दुकानात हाताला मऊ लागणारी लोकर खपते, आणि आपण तीच घेतो.

निफाडच्या मावशीला हे रडगाणं सांगितलं. विणकाम मी तिच्याकडूनच शिकलो. ती म्हणाली, "तुझ्या शर्टाला शिवण आहे ना? मग स्वेटरनंच काय घोडं मारलंय?"

म्हणून पुढच्या वर्षी तीच लोकर, आणि चार तुकडे.

तुकड्यांची खरी किंमत शिवणीत मोजावी लागते. ती भरायला माझा हात धजत नव्हता. संक्रांतीला चारही तुकडे तयार झाले आणि दसऱ्यापर्यंत पिशवीत पडून राहिले. घरात अशा पिशव्या असणारे आपण एकटे नाही, हे मला नंतर कळलं. शिवण नाठाळ लागते ती घाई केल्यामुळे. शर्टासारखे दोन थर एकमेकांवर ठेवून शिवलं की आत जाड गाठ येते आणि वेणीची जोड हमखास चुकते. मावशीने दाखवलेली रीत अशी. दोन्ही तुकडे सुलटे, शेजारी शेजारी, गादीवर. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका बोटांनी जरा फाकवायचे. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे दिसतात. बोथट सुईने इकडचा एक दोरा उचलायचा, मग तिकडचा एक. पाच-सहा पायऱ्या सैलच ठेवायच्या. मग दोऱ्याचं टोक हलकेच ओढायचं, आणि दोन्ही कडा एकमेकींत मिटतात. शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं. पहिल्यांदा ती तशी मिटली तेव्हा मी परत उसवून पुन्हा ओढली, फक्त बघायला.

यासाठी दोन पथ्यं पाळावी लागतात. दोन्ही कडांना एकेक जादा टाका ठेवायचा, तो शिवणीत जातो. आणि पाठ व पुढचा भाग काखेपर्यंत टेपने मोजून जुळवायचे नाहीत, ओळी मोजून जुळवायचे. टेप ताणला जातो, ओळ ताणली जात नाही.

मापाचं म्हणाल तर अंगात घालून बघता येत नाही, हा तोटा आहेच. मी त्यावर उतारा म्हणून अंगाला नीट बसणारा जुना स्वेटर जमिनीवर पसरतो आणि विणलेला तुकडा त्यावर ठेवून बघतो. आणि इंचाला किती टाके बसतात ते बघायचा नमुना दोन विणींचा विणतो, साध्या विणीचा वेगळा आणि वेणीचा वेगळा, कारण वेणी कापड आत ओढते. माझ्या हाताला साध्या विणीचे इंचाला साडेपाच टाके बसतात. छाती ३८, त्यात दोन इंच सैलपणा, म्हणजे ४० इंचांना २२०. पाठीला ११० आणि शिवणीचे दोन. पुढच्या भागाला मात्र वेणीमागे दोन-तीन टाके जास्त घालावे लागले. ते विसरलो असतो तर स्वेटर छातीवर चिकटला असता, आणि ते कळलं असतं थेट दसऱ्याला.

खांद्याचं सांगायचं राहिलं. शिवलेला खांदा ताणला जात नाही. वेण्यांचा स्वेटर जड असतो, त्याचं सगळं वजन खांद्यावर आणि गळ्यामागे येतं. शिवण ते पेलते, म्हणून गळा लोंबत नाही. आपल्याकडे दुपारी स्वेटर काढायचा, संध्याकाळी पुन्हा घालायचा, म्हणजे डोकं दिवसातून चारदा गळ्यातून जातं-येतं. डाव्या खांद्याची शिवण मी अर्धी उघडी ठेवली आणि तिथे करवंटीची तीन बटणं लावली. करवंटीचे तुकडे घरीच घासले, भोकं बारीक ड्रिलने पाडली, काठ पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. एक बटण जरा लंबगोल झालंय. लोक पहिलं त्यालाच हात लावतात. एकसंध रॅग्लनला असं बटण लावता येतच नाही असं नाही, पण शिवण आधीच असली की उघडं ठेवायला जागा आयती मिळते.

दुसरा स्वेटर दोन हिवाळे वापरतोय. पिशवी अजून डाव्याच खांद्याला असते. वेणी मधोमध आहे.

तरी तुमची गरज बघा. वाढत्या मुलासाठी करत असाल तर वरून खालीच करा. पुढच्या वर्षी खालची कड उसवून चार इंच वाढवता येतात, तुकड्यांत हे जिकिरीचं. साधी वीण, घट्ट पिळाची लोकर आणि शिवणीचा मनापासून तिटकारा असेल, तर गोल सुई घ्या आणि माझं काही ऐकू नका. तिची वायर वेटोळं सोडत नसेल तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ करून घ्या. पण वेण्या असतील, लोकर मऊ असेल आणि स्वेटर घालून रोज बाहेर पडायचं असेल, तर मी तरी पुन्हा तुकडेच घेईन. सुरुवात पाठीपासून करा. हात बसेपर्यंतचे कमी-जास्त टाके तिथे खपून जातात.

पहिला स्वेटर आता बायको घरात घालते. तिला तो फिरतो की नाही, ते ती सांगत नाही. द्राक्षं उलटी आहेत हे मात्र आल्यागेल्याला आवर्जून दाखवते.